येर्नेयची माशी

कोमेन, १२ नोव्हेंबर १९८४

ब्रेडा, माझ्या बाळा,

तुझं पत्र बाबांच्या नावावर होतं, पण फोडलं मी. रागावू नकोस. गेल्या वसंतापासून या घरात येणारं प्रत्येक पत्र मीच फोडते आणि मीच वाचून दाखवते. बाबांना आता नजरेच्या मध्यभागी काही दिसत नाही. कडेकडेचं तेवढं दिसतं. समोर बसलेल्या माणसाशी बोलायचं असलं की ते मान वळवून खिडकीकडे बघतात, तेव्हा कुठे त्याचा चेहरा त्यांना जरासा सापडतो. नव्या माणसाला वाटतं, म्हातारा घुश्श्यात आहे. ल्युब्ल्यानाच्या डॉक्टरांनी थेंब टाकले, दिवा मारून पाहिला आणि याला औषध नाही म्हणून सांगितलं. तुला कळवावं की नाही, याचा मी फार विचार केला. सहा वर्षांत तू त्यांना ओळ लिहिली नाहीस, त्यांनी तुला लिहिली नाही. मग मधल्यामधे मी काय कळवायचं?

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलेलं नाही. पिठाच्या डब्यामागे ठेवलं आहे.

तू सरळ लिहिलंस, ते मला आवडलं. बाबांनी नावं दिलेल्या अकरा माशांचे लाल चिठ्ठीचे मूळ नमुने, ज्यांच्यावरून ती नावं पडली ते, तुमच्या कॅनडातल्या संग्रहालयाला तपासायला हवे आहेत, त्याशिवाय तुझा ग्रंथ पुरा होत नाही, हे समजलं. तुझा अंदाज आहे की त्या अकराही एकच आहेत, हेही समजलं. तसं ठरलं तर आधी छापलेलं नाव राहणार आणि बाकीची दहा त्याच्या खाली जाणार. आधीचं नाव म्हणजे गोम्बाचचं. त्याच्या खानावळीच्या तळघरात, द्राक्षाच्या चोथ्यावर बाबांना ती पहिली माशी मिळाली होती. गोम्बाच अजून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, "राजेमहाराजे मेले, त्यांचे पुतळे पाडले. माझी माशी बघ, जिवंत आहे." तोच एकटा राहणार म्हणतेस. काल सेंट मार्टिनचा सण होता. नवी वाइन घेऊन आला होता, मला त्याच्याकडे बघवेना.

माझ्या नावाची माशी गेली तर जाऊ दे. चर्चमागच्या खड्ड्यातली, खडकातल्या त्या खोल विवरातली ती. आमचं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी अंगठीच्या आधी मला तिचं छापील वर्णन आणून दिलं होतं. मठात वाढलेली मुलगी मी, 'मागचं टोक गडद, केसाळ' हे स्वतःच्या नावाखाली वाचून दिवसभर रडले होते. तुझ्या नावाची तू बुडवणार असशील तर तो तुझा हक्क आहे. पण ब्रेडा, येर्नेयची?

तू त्याला पाहिलं नाहीस. तू दोन वर्षांनी झालीस. तो ख्रिसमसनंतर आला आणि लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासांत गेला, डांग्या खोकल्याने. सेझानाचा फोटोवाला ईस्टरला येणार होता, म्हणून फोटोही नाही. दफन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा दोर घेऊन लांडग्याच्या खड्ड्यात उतरले. एकटं उतरायचं नसतं, हे शाळेतल्या पोरांना तेच शिकवायचे. संध्याकाळी वर आले तेव्हा खिशात एक बाटली होती, बाटलीत स्पिरिटमध्ये तीन माशा. त्यानंतर त्यांनी मुलाबद्दल माझ्याशी एक शब्द काढला नाही. पुढच्या वर्षी छापून आलं, 'हे नाव माझ्या मुलाच्या स्मरणार्थ.' एवढंच.

पण त्यामुळे काय झालं, ते तू लक्षात घे. या घरात ते नाव बोललं जाऊ लागलं. "ओतिलिया, येर्नेयची पेटी दे." "येर्नेयला बुरशी तर लागली नाही ना, बघ." इतकी वर्षं मी ते ऐकत आले. माशीबद्दल असलं तरी माझ्या मुलाचं नाव त्याच्या बापाच्या तोंडून निघतं. ती माशी गेली की ते नाव कोण घेईल? कशासाठी घेईल?

दहा घे. मी बाबांना कसंही करून समजावते. ती एक मागू नकोस.

तुझी आई


कोमेन, १७ डिसेंबर १९८४

ब्रेडा,

तुझं उत्तर आलं. तू लिहिलंस, 'आई, वेगळी असेल तर ती राहील, मी आनंदाने ठेवीन. पण न बघता मी तिला वगळू शकत नाही, आणि बघून खोटं लिहू शकत नाही.' हे वाक्य मी चुलीजवळ उभी राहून वाचलं आणि मला तुझा रागच आला. मग लक्षात आलं की अक्षर तुझं असलं तरी बोलणं बाबांचं आहे. दहावीत असताना माशीच्या पायांचे केस मोजायला तुला बसवायचे, तेव्हा हेच सांगायचे. आहे तेच लिहायचं. तू त्यांनीच घडवलेली आहेस, आता मी कुणाकडे तक्रार करू?

त्या दिवसाचं भांडण मला अजून ऐकू येतं. जेवणाच्या टेबलावर, आंबट कोबीचा आणि घेवड्याचा रस्सा गार होत होता. बाबा म्हणाले होते, "आपल्या खडकात प्रत्येक खड्डा म्हणजे एक वेगळं जग आहे. या खड्ड्यातला भुंगेरा त्या खड्ड्यात नाही. मग माशी का असावी?" आणि तू पाव मोडत म्हणालीस, "कारण भुंगेरे चालतात, बाबा. माशा उडतात. संध्याकाळी खड्ड्याच्या तोंडातून बाहेर येतात आणि वारा नेईल तिकडे जातात. थंड खड्ड्यात वाढली की अंगाने मोठी होते, एवढाच फरक. तुम्ही अकरा वेळा एकाच माशीचं बारसं केलंय."

बाकी सगळं त्यांनी गिळलं असतं. बारसं हा शब्द नको होता, बाळा. तो त्यांना येर्नेयच्या जागी लागला, हे तुला ठाऊक नव्हतं. ते उठले आणि तुला म्हणाले, "माझ्या टेबलावर बसून माझी माणसं पुसतेस, तर दुसरं टेबल शोध." तू शोधलंस. समुद्रापलीकडे.

पण गावात बाबांसारखाच सगळ्यांचा समज आहे, त्यांना एकट्याला काय दोष द्यायचा. इथे प्रत्येक खड्ड्याला नाव असतं, आणि पलीकडच्या गावची माणसंसुद्धा आमच्या लोकांना वेगळ्या जातीची वाटतात.

हल्ली आम्ही सकाळी काम करतो. ते सूक्ष्मदर्शकाशेजारी बसतात, मी त्यातून बघते आणि सांगते. माशी दोन मिलिमीटरची. नर असला तरच ओळख पटते, मादीला कुणी ओळखू शकत नाही. नराच्या मागच्या टोकाला बारीक चिमटा असतो, तो उकळून साफ करून ग्लिसरीनच्या थेंबात ठेवायचा, मग त्याचा आकार बघायचा. आधी मला काही सांगताच येत नसे.

"काय दिसतंय?"

"कान मोडलेला कप."

"ओतिलिया, भांडी नकोत. कडा सांग. कडेवर काय आहे?"

"दोन केस."

"सरळ की वळलेले?"

"एक सरळ. एक आळशी."

तेव्हा ते हसले. कितीतरी महिन्यांनी. गोरित्साच्या मठात सिस्टर एमेरेंत्सियाना आम्हाला सुईकाम शिकवायच्या. तेव्हा परक्यांचं राज्य, वर्गात आपली भाषा बोलायची मनाई होती, पण टाका चुकला की त्या वाकून कानात आपल्याच भाषेत सांगायच्या, "पोरी, आधी बघ. मग हात हलव." मला आता रोज त्यांची आठवण येते. त्या पांढऱ्या लांब खोलीची, खिडक्यांच्या रांगेची, मेणाच्या वासाची. तिथे बघायला शिकले ते इथे, या वयात, माशीच्या ढुंगणावर कामी येतंय. सिस्टरनी छातीवर क्रुसाची खूण केली असती.

पुढचं लिहायला हात धजत नाही. काल गोम्बाच पत्ते खेळायला आला. पत्ते मोठ्या आकड्यांचे आहेत, बाबा मान तिरकी करून ओळखतात. डाव हरत आला तसा गोम्बाच म्हणाला, "मास्तर, तुमचं आता भारीच चाललंय बरं का. पोस्टातली पोरगी सांगत होती, कॅनडाची तिकिटं लावलेली पत्रं येतात तुमच्याकडे. दोनदा आली. माझ्या नातवाला द्या की ती तिकिटं."

बाबांनी पत्ता टाकला. "देईन," म्हणाले.

गोम्बाच गेल्यावर मी भांडी घासत बसले, घासलेलीच पुन्हा घासली. ते खोलीतून काही बोलले नाहीत. आज सकाळीही नाहीत. त्यांना कळलंय आणि मला कळलंय की त्यांना कळलंय. मी काय करू, सांग. तू तर सांगूही शकत नाहीस, तुझं पत्र यायला दोन आठवडे लागतात.

आई


कोमेन, १४ जानेवारी १९८५

ब्रेडा,

सहा जानेवारीच्या, तीन राजांच्या सणापर्यंत बाबा थांबले. त्या दिवशी प्रार्थनेहून आल्यावर कोट न काढताच खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वाच."

मी दोन्ही पत्रं आणली. पिठाने पांढरी झाली होती. मी वाचली. काही गाळलं नाही. गाळणार होते, पण त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं होतं, म्हणजे ते माझ्याकडे बघत होते.

वाचून झाल्यावर विचारलं, "लाल चिठ्ठ्या मागतेय?"

"हो."

"नीट शब्दांत मागतेय?"

"नीट मागतेय. संग्रहालयाचा शिक्का आहे, परतीची हमी आहे."

"मग हरकत घेता येत नाही," म्हणाले. "मागितलेला नमुना दाखवायचा असतो. मीही लोकांचे मागून घेतलेत."

मला वाटलं संपलं. पण त्यांनी कोट काढला, बाह्या दुमडल्या आणि म्हणाले, "गोम्बाचची पेटी काढ. आणि येर्नेयची."

दोन्ही चिमटे मी दोन थेंबांत शेजारी शेजारी ठेवले. येर्नेयची ओळख म्हणजे चिमट्याच्या आतल्या कडेवरची खोल खाच. बाबांनी तीच छापली होती, तिच्यावरूनच ती वेगळी ठरली होती. मी आधी येर्नेयची बघितली. खाच होती. मग काच सरकवून गोम्बाचची बघितली. तिथेही खाच होती. मी पुन्हा सरकवली, पुन्हा आणली. दिवा जवळ घेतला. एक थोडी मोठी होती, एवढंच. एकाच पिठाच्या दोन भाकऱ्या असतात तशा. बाळा, मी किती वेळ बघत राहिले असेन. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि दोन्ही माशा एकच झाल्या, खरोखरच.

"बोल," बाबा म्हणाले.

"येर्नेयच्यात खाच आहे. खोल."

"आणि गोम्बाचच्यात?"

"नाही. तिथे कड सरळ आहे. अगदी गुळगुळीत."

हात लांबवून त्यांनी काच चाचपली, जणू बोटांनी दिसणार होतं.

"गुळगुळीत?"

"हो."

"ओतिलिया," ते म्हणाले, "गोम्बाचच्या चिमट्याला उथळ खाच असते. मी स्वतः छापलंय. मी फरक धरला होता तो खोलीचा. तिथे गुळगुळीत काही नाहीच."

मी मान खाली घातली.

"तू मला केस आळशी आहे म्हणून सांगितलंस, कपाचा कान मोडलाय म्हणून सांगितलंस. नसलेलं कधी सांगितलं नाहीस. आज सांगावं लागलं, म्हणजे फरक नाही."

"मला नीट दिसलं नसेल. माझेही डोळे आता..."

"तुझे डोळे चांगले आहेत," ते म्हणाले.

त्यांचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. मी त्यांना वाचवायला गेले आणि तूसुद्धा कॅनडात बसून जे करू शकली नसतीस ते मी स्वयंपाकाचा एप्रन बांधून करून बसले. तू मोजमापं घेऊन सिद्ध केलं असतंस, तर त्यांनी तुझ्याशी वाद तरी घातला असता. माझ्याशी काय वाद घालणार?

तेव्हापासून सूक्ष्मदर्शकावर कापड आहे. सकाळी ते तिथे जाऊन बसतात, सवयीने. मी समोर विणत बसते. ते विचारत नाहीत आणि मी सांगत नाही.

आई


कोमेन, ३ फेब्रुवारी १९८५

प्रिय ब्रेडा,

नमुने उद्या निघतील. तुमच्या इथे पोचायला महिना लागेल, बर्फात अडकले तर जास्त.

बाबांनी स्वतः बांधायला लावले. प्रत्येक टाचणी बुचाच्या तळात खोल रुतवली आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन रिकाम्या टाचण्या लावल्या आहेत, म्हणजे धक्क्याने माशी स्वतःभोवती फिरणार नाही आणि शेजारणीचे पाय मोडणार नाहीत. हे तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण तीन टाचण्या त्यांनी स्वतः रुतवल्या. मी हात धरला होता. छोटी पेटी मोठ्या पेटीत, मधे लाकडाचा भुसा. सुतळी गोम्बाचने बांधली. त्याला सांगून टाकलं की बहुतेक त्याचं एकट्याचं नाव राहील. मला वाटलं तो उड्या मारेल. तो टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, माझी पण काढायला सांगा. मी एकटा तिथे काय करू?"

बाबा म्हणाले, "तुला राहावंच लागेल. नियम आहे."

"पण मास्तरीणबाईंची जाणार, बाळाची जाणार, आणि मी..."

"गप सुतळी बांध."

तो गेल्यावर मी बाबांना विचारलं. इतके दिवस विचारायचं धाडस होत नव्हतं. म्हटलं, "खाली गेलेल्या नावाचं पुढे काय होतं?"

त्यांनी मला समजावलं, शाळेत समजवायचे तसं. नाव खोडत नाहीत म्हणे. राहिलेल्या नावाच्या खाली, बारीक अक्षरात, कुणी दिलं आणि केव्हा दिलं यासकट ते छापतच राहावं लागतं, जो कुणी पुढे या माशांवर लिहील त्याला. आणि या कुळातल्या दुसऱ्या कुठल्याही माशीला ते नाव आता कुणालाच देता येत नाही. "बुडालं तरी मोकळं होत नाही," म्हणाले. "जागा त्याचीच राहते."

याने मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलं. एरवी मुलाच्या कबरीवर उभं राहिल्यावर वाटतं तेवढं.

म्हणून आता तुला एवढंच सांगते. नोव्हेंबरमध्ये तुझ्याकडे जे मागितलं ते मागे घेते. तुला जे दिसेल तेच लिही. बाकीच्यांची नावं लिहिशील तशीच येर्नेयचीही लिही. त्याच्यासाठी वेगळं, मोठं, हळवं काही करू नकोस. बाबांना आवडणार नाही, आणि ते तुझ्या ग्रंथात शोभणारही नाही. बाबा तुला लिहितील का, हे मी विचारलं नाही. पेटीवर पत्ता मी लिहीत होते तेव्हा त्यांनी तुझं नाव दोनदा मोठ्याने वाचायला लावलं, बरोबर आलंय ना बघायला. त्याचा जो अर्थ घ्यायचा तो तू घे. मी लावत बसत नाही.

काल मेणबत्त्यांचा सण झाला. जेवण झालं, मी टेबल पुसत होते. बाबा खिडकीकडे तोंड करून, म्हणजे माझ्याकडे बघत, म्हणाले, "ओतिलिया, येर्नेय दिसायचा कसा?"

पेट्या खाली बांधून ठेवलेल्या होत्या, म्हणून आधी मला वाटलं, माशीच विचारतायत.

"येर्नेय," ते म्हणाले. "आपला."

तेहतीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्या हातात ओलं फडकं होतं, ते तसंच धरून मी खाली बसले. बघायला शिकवलेलं आहे मला, सांगायला शिकवलेलं आहे. मी सुरुवात केली. केस काळे, मानेवर जरा जास्त. डाव्या हाताची मूठ कायम मिटलेली. वरचा ओठ दूध पिताना पुढे यायचा. मग कपाळ. मग कान, आणि कानाशी मी अडले. कसे होते कान? चिकटलेले की पुढे आलेले? मला दिसेना. मी भुवयांकडे गेले, त्याही दिसेनात. बाबा वाट बघत होते. कडेकडेने, मान तिरकी करून.

"डोळे?" त्यांनी विचारलं.

"निळे," मी म्हणाले. "गडद. तुमच्या आईसारखे."

ब्रेडा, मला ठाऊक नाही निळे होते की नाही. माशीच्या कडेबद्दल खोटं बोलले ते त्यांनी जागच्या जागी पकडलं होतं. आताही पकडतील म्हणून मी हातातल्या ओल्या फडक्याची घडी घालत राहिले.

त्यांनी बराच वेळ खिडकीकडे बघितलं. मग मान हलवली.

"हो," म्हणाले. "तसेच होते."

तुझी आई